सतरा जणींतली एक

अमेरिकेतली कुठली नटी पडद्यावर येण्याआधी काय करत होती, हे त्या काळी कोल्हापुरात कुणाला हवं असेल तर त्यानं मला विचारावं. मी तेरा-चौदा वर्षांची होते, गणितात काठावर पास होत होते आणि ही माहिती मात्र माझ्याकडे घाऊक होती. एक जण टोप्यांच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे आरसा धरून उभी राहायची. एक टेलिफोनचे नंबर जोडून द्यायची. एकीला पहिल्याच चित्रपटात प्रेताचं काम मिळालं, कारण तिला श्वास बराच वेळ कोंडून धरता यायचा. एकीचं पहिलं काम कापता कापता शेवटी तिचा फक्त हात उरला, चहाचा कप पुढे करणारा. तरी तिच्या आईनं म्हणे ओळखीपाळखीच्या सगळ्यांना थेटरात नेऊन तो हात दाखवला. ही गोष्ट मी वर्गात इतक्यांदा सांगितली की मैत्रिणी मला 'हात आला, हात आला' म्हणून चिडवायला लागल्या.

ह्यातला एकही चित्रपट मी पाहिला नव्हता. आमच्या घरात सिनेमाला बंदी होती. वडिलांना, म्हणजे अण्णांना, सिनेमा ह्या शब्दाचीच चीड होती. गावात स्टुडिओ, शेजारच्या आळीत राजाचा पोशाख चढवून विडी ओढत बसलेली माणसं, टांग्यावर फलक लावून वाजतगाजत जाणाऱ्या जाहिराती, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध आमचं घर तोंड फिरवून बसलेलं. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, कारण आमच्या घरात न विचारण्याच्या गोष्टी बऱ्याच होत्या.

माझी सगळी विद्या बाइंडरचाचांच्या दुकानातली. पापाच्या तिकटीकडून गंगावेशीकडे जाताना त्यांचं चिंचोळं दुकान होतं. कचेऱ्यांची दप्तरं, शाळांची हजेरीपुस्तकं ते बांधून द्यायचे. अण्णा कचेरीत कारकून. फाटकी दप्तरं चाचांकडे टाकायची आणि बांधलेली आणायची हे काम त्यांच्या गळ्यात होतं, आणि शनिवारी त्यांच्यामागून मी. अण्णा पाटावर बसून दप्तराची पानं मोजून घ्यायचे तोवर मी मागच्या ढिगात घुसायची.

साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतून रद्दीचे गठ्ठे निघाले होते. त्यांत अमेरिकेतली सिनेमाची मासिकं होती, जाड, गुळगुळीत कागदाची. चाचांना त्या कागदाचा फार लोभ. पुठ्ठ्याला आतून अस्तर लावायला तसा कागद मिळायचा नाही. त्यामुळे गावातल्या कितीतरी शाळांत मास्तरांनी हजेरीपुस्तक उघडलं की आतून एखादी सोनेरी केसांची बाई त्यांच्याकडे बघून हसत असायची, आणि मास्तर घाईघाईनं पान उलटायचे.

त्या मासिकांत एक कोडं असे. कुठल्यातरी जुन्या चित्रपटातला गर्दीचा फोटो द्यायचे. जत्रा, नाच, आगबोटीवरची माणसं, आणि खाली प्रश्न: आजची अमुक नटी ह्या गर्दीत आहे, ती कुठली? त्या बायांनी मोठं होताना भुवया काढलेल्या, केस रंगवलेले, दात सरळ करून घेतलेले, नावंसुद्धा कंपनीनं बदललेली. ओळखायचं कशावरून? मी कानावरून ओळखायला शिकले. कान कुणी बदलत नाही. मान खांद्यावर कशी बसलीय ते बघायला शिकले. उत्तर पानाच्या पाठीमागे छापलेलं असायचं. पण चाचांनी ती पाठ तोवर पुठ्ठ्याला चिकटवलेली असायची. मैद्याची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली खळ, एकदा धरली की पान फाटेल पण सुटायचं नाही.

"चाचा, उत्तर राहिलं की आत!"

"बेटी, तू म्हणतीस तीच असंल," चाचा म्हणायचे आणि पुठ्ठ्यावर दगड ठेवायचे. "कोण बघाय जातंय?"

मग मी ठरवीन ती. वर्गात मी बोट ठेवून सांगायची, ही बघा, आणि कुणी शंका घेत नसे. शंका घ्यायला माझ्याइतकं वाचलं होतं कुणी? होताहोता चाचा गिऱ्हाइकांनाही सांगायला लागले, ह्या पोरीची नजर लई तेज हाय.

घरात ह्या गोष्टी ऐकायला आत्या होती. अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन ती परत आली आणि आमच्याच घरात राहिली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, उजेड-अंधार एवढंच कळायचं. मी तिच्याजवळ बसून शेंगा फोडायची आणि नट्यांची चरित्रं सांगायची. एकदा मी सांगत होते, की एक फार मोठी नटी पहिल्यांदा नुसती गर्दीत उभी होती, तिला कुणी नावसुद्धा विचारलं नव्हतं. आत्या पटकन म्हणाली, "त्यात काय! तुझी आई बी एकदा सिनेमात गेलती."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. मी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

इथं सांगायला हवं की आई मला आठवत नव्हती. मी दीड वर्षाची असताना ती तापानं गेली. तिचा फोटो नव्हता. काढायचा राहून गेला, असं आत्या म्हणायची, जसं काही वाण्याकडून मीठ आणायचं राहून गेलं. आजोळ चंदगडाकडं, तिथली माणसंही गेलेली. मी अण्णांच्या वळणावर गेले होते असं सगळे म्हणत, त्यामुळे आरशातही आई सापडायची नाही. मी शोधत नसे असं नाही.

त्या दिवशी आत्याकडून सगळं काढून घेतलं. एका बोलपटात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा देखावा होता. स्टुडिओत रोज कामाला येणाऱ्या बाया दिग्दर्शकाच्या मनाला येईनात. त्या पाटावर बसल्या की कामाला बसल्यासारख्या दिसायच्या म्हणे. मग त्याच्या बायकोनं सरळ पेठेतल्या घरोघरी कुंकू लावून आमंत्रण धाडलं. हळदीकुंकवाचं आमंत्रण कोण मोडणार? बायका ठेवणीतली लुगडी नेसून गेल्या. गौर मांडलेली होती, आंब्याची डाळ होती, पन्हं होतं. उजेड पाडायला चांदीचा कागद लावलेले मोठे तक्ते घेऊन गडी उन्हात उभे होते, एक यंत्र घरघरत होतं. फोटो काढतायत, एवढंच ह्यांना सांगितलेलं. ओटीत भिजवलेले हरभरे घेऊन सगळ्या जणी खुशीत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पेठेत बोभाटा झाला, की चांगल्या घरच्या बाया सिनेमात नाचल्या.

"नाचली होती आई?"

"कशाची नाचतीया! कुंकू लावून आली. पण तुझा बाप पेटला. आठ दिवस बोलला न्हाई तिच्याशी. आणि ते चित्र लागलं गावात, तर ह्यानं सांगितलं, कुणी जायचं न्हाई. बाकीच्या बाया चोरून बघून आल्या. वैनी न्हाई गेली."

आत्यानं मग महिने मोजले आणि म्हणाली, तेव्हा तू तिच्या पोटात होतीस. म्हणजे त्या देखाव्यात मीही होते. इतकी लहान सुरुवात माझ्या एकाही नटीची झाली नव्हती.

"दिसायला कशी होती गं आई?"

"चांगली होती की."

"म्हणजे कशी? नाक कसं?"

"नाकासारखं नाक. त्या दिवशी डाळिंबी लुगडं होतं. आणि हिरवा खण."

पडद्यावर रंग नसतात हे मी आत्याला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून माझं बाकीच्या सगळ्या नट्यांवरचं लक्ष उडालं. कुठेतरी एका डब्यात गुंडाळलेली माझी आई होती, आणि तो डबा फिरत फिरत कधी कोल्हापुराला येईल ह्याची मी वाट बघत बसले. मासिकातल्या कुठल्याही कोड्यानं मला इतकं छळलं नव्हतं. शाळेतून येताना प्रत्येक थेटराबाहेरचे फलक मी वाचायची. पाहुणे इचलकरंजीहून आले की तिथं कुठला खेळ लागलाय ते विचारायची, आणि पाहुण्यांना वाटायचं पोरगी बिघडली.

दीडेक वर्षानं टांगा आला. ताशा वाजवत, जुन्या बोलपटाचं नाव पुकारत, तीन दिवस फक्त, दुपारचा खेळ. मी खिडकीत होते. नाव ऐकून मी आत्याला हाक मारली. आत्या आतून बाहेर आली, भिंतीला धरत धरत, आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली.

अण्णा संध्याकाळी आले तेव्हा मी काही बोलायच्या आत तिनंच तोंड फोडलं. "ते चित्र आलंय. हिला घेऊन जा."

"ह्या घरात सिनेमा न्हाई," अण्णा म्हणाले. सवयीनं म्हणाले.

"तिला बघू दिलं न्हाईस. आता हिला बी न्हाई?" आत्याचा आवाज चढला. "मला डोळं असतं तर मीच नेली असती. तुझ्यावाचून दावणार कोण हिला?"

अण्णांनी टोपी काढली, परत घातली आणि अंगणात जाऊन उभे राहिले. जेवायला बसेपर्यंत ते आत आले नाहीत. जेवताना मान खाली घालून म्हणाले, "शनिवारी कचेरी अर्धा दिवस असती."

शनिवारी आम्ही गेलो. अण्णांनी धुतलेला कोट घातला होता, कुणाकडं पाहुणचाराला निघाल्यासारखा. थेटरात बसल्यावर ते खुर्चीत पाठ टेकून बसलेच नाहीत. गोष्ट काय होती ते मला धड सांगता यायचं नाही. एक सून होती, तिच्यावर आळ येतो, असं काहीतरी. मी एकेक देखावा ढकलत होते. आणि मग एकदम अंगण आलं, झोपाळ्यात गौर, आणि बायका. खऱ्या बायका, ते बघताक्षणी कळत होतं. कुणी पदर सावरतेय, कुणी शेजारणीच्या कानाशी लागलीय, एक तर थेट यंत्राकडे बघतेय, हे काय म्हणून.

"कुठली, अण्णा? कुठली?"

अण्णांचा हात वर आला. "ती... थांब. न्हवं, ती पलीकडची... थांब जरा." हात तसाच राहिला आणि देखावा गेला. कप भरून चहा ओतावा, एवढ्या वेळात सगळं आलं आणि गेलं. मी बायका मोजल्या होत्या. सतरा होत्या. हात मात्र कुणावरच थांबला नव्हता.

बाहेर आल्यावर मला रडू येत होतं आणि रागही. इतकी वाट बघून, इतकं जवळ येऊन, ह्यांना एक बोट दाखवता आलं नाही! मी भराभर चालत सुटले. अण्णांनी घरचा रस्ता धरला नाही. ते रंकाळ्याकडे वळले, म्हणून मलाही वळावं लागलं. बांधावर ते बसले. पाण्यात म्हशी होत्या, वैरण घेऊन बैलगाडी चालली होती.

"मला ओळखता येईना, पोरी."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, चित्र जुनं होतं, पुसट होतं, त्याबद्दल बोलतायत.

"चालायची कशी, ते आठवतंय. आवाज आठवतोय. तोंड येत न्हाई डोळ्यांपुढं. कधीपासनं येत न्हाई, ते बी सांगता येत न्हाई. मला वाटलं, दिसली की ओळखीन." ते पाण्याकडे बघत होते. "तिला बघायचं होतं ते चित्र. एकदाच म्हणाली मला. पुन्यांदा न्हाई म्हणाली."

अण्णांना मी तोवर घाबरत आले होते. त्यांची दया येण्याची मला सवय नव्हती, त्यामुळे काय करावं ते सुचेना. मी त्यांच्या कोटाच्या बाहीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. त्याच्या जागी एवढंच आलं, की आता आमच्या घरात आईचं तोंड कुणाकडेच उरलेलं नाही. आत्याकडे डोळे नाहीत आणि अण्णांकडे आठवण नाही.

मग अण्णा जे म्हणाले ते मी जन्मात विसरणार नाही. चाचरत, कचेरीत साहेबापुढे बोलावं तसे म्हणाले, "तू त्या गोऱ्या बाया गर्दीतनं ओळखतीस म्हणं. चाचा सांगत होता. तुला दिसंल काय ती?"

मी काय सांगणार होते? की नटीचं मोठेपणीचं तोंड आपल्याला पाठ असतं, म्हणून तिचं आधीचं सापडतं? आईचं माझ्याकडे काही नव्हतं, आधीचं नाही आणि नंतरचंही नाही. मला ते सगळं कळत होतं. मी म्हटलं, "बघतो की, अण्णा. उद्या परत जाऊया." आमच्याकडं पोरीबाळीही असंच बोलतात, बघतो, येतो, जातो. पण त्या दिवशी मला स्वतःलाच ते एखाद्या मोठ्या माणसाचं बोलणं वाटलं.

रविवारी सकाळी मी आरशापुढे किती वेळ होते त्याला गणती नाही. अण्णांचं जे जे होतं ते मनातल्या मनात काढून टाकलं. कपाळ अण्णांचं, भुवया त्यांच्याच, नाकाचा शेंडाही. मग उरलेलं आईचं असणार. उरले दोन कान आणि हनुवटीचा थोडा भाग. तेवढ्या भांडवलावर मी दुपारी थेटरात जाऊन बसले. शेजारी अण्णा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. आज त्यांनी सुनेच्या गोष्टीकडे बघितलंच नाही. ते खाली मान घालून, मी कधी सांगते ह्याची वाट बघत होते.

अंगण आलं. मी कान बघायला लागले. कान पदरांखाली होते. सतराच्या सतरा जणींचे कान पदरांखाली झाकलेले! हे माझ्या मासिकांतल्या बायांनी मला कधी शिकवलं नव्हतं. हनुवट्या हलत होत्या, नथी हलत होत्या, कुणी वाकली, कुणी वळली. मला कुणाकडे बघून काहीही वाटेना. रक्त ओढ घेतं म्हणतात, तसलं काही झालं नाही. मी त्यांच्यातल्या एकीच्या पोटात होते, आणि ती कुठली ते मलाच सांगता येत नव्हतं. देखावा संपायला आला होता. अण्णांनी मान वर केली होती, पण पडद्याकडे नाही, माझ्याकडे.

खांबाजवळ एक बाई होती. हातात तबक. यंत्राकडे तिचं लक्ष नव्हतं. चौकटीबाहेरचं काहीतरी बघून ती खुदकन हसली. तिला तिथं बरं वाटत होतं. घरी गेल्यावर काय ऐकायला लागणार आहे, ते तिला अजून ठाऊक नव्हतं.

"ती, अण्णा," मी म्हटलं. "खांबाजवळची. तबक घेतलेली."

अण्णा पुढे झुकले.

"हसतीया बघा."

"हसतीया?"

"व्हय."

"व्हय, तीच," अण्णा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, पुढच्या रांगेतली माणसं मागं वळली. "तीच की ती." मग हळू आवाजात, "हसत होती म्हणायची. मग बरं."

एवढ्यात देखावा गेला. सुनेची गोष्ट पुन्हा सुरू झाली, सासू काहीतरी ओरडायला लागली, आणि अण्णा जिथं तो खांब होता तिथंच बघत बसले. घरी येताना त्यांनी आत्यासाठी पेढे घेतले. आमच्याकडं पेढे पास झाल्याशिवाय यायचे नाहीत, आणि माझा तर निकालही लागायचा होता.

ते चित्र पुन्हा कधी कोल्हापुराला आलं नाही. ती बाई कोण होती, कुणाची आई होती, मला माहीत नाही. तिचे नातू आज माझ्या शेजारच्या आळीत राहत असतील. पण मला आई आठवायची म्हटलं की तीच येते, तबक घेऊन, आणि तिच्या पलीकडे काही येत नाही. नंतर अण्णा बदलले. आल्यागेल्याला ते कौतुकानं सांगायला लागले, "हिची आई फार हसरी होती." पहिल्यांदा त्यांनी हे सांगितलं तेव्हा आत्या भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "वैनी?" एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा भाजी चाचपायला लागली. त्यानंतर ती ह्यावर कधी काही बोलली नाही. खरं काय ते तिला विचारावं, असं मला ती असेपर्यंत कितीदा वाटलं. मी विचारलं नाही. माझ्याकडे तेवढीच आई होती.